जोतिबाचा घाट आणि ‘सेन्सर गेलाय’

केर्लीचा फाटा सोडून गाडी जोतिबाच्या रस्त्याला लागली की दहा-पंधरा वर्षांच्या कॅम्पर व्हॅनची खरी तब्येत कळते. महामार्गावर सुरळीत धावलेली गाडी वळणावळणाला दम टाकायला लागते. मीटरमध्ये पिवळा चेक इंजिन लाइट पेटतो, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी इंजिन अडीच हजार आरपीएमच्या वर जायला तयार नसतं आणि मागच्या बर्थवरून कोणीतरी निदान करून टाकतं, “सेन्सर गेलाय.” गॅरेजमध्येही बऱ्याचदा हेच ऐकायला मिळतं. मग एक सेन्सर बदलला जातो, लाइट दोन दिवस विझतो, पुन्हा पेटतो, मग दुसऱ्या सेन्सरचा नंबर लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या व्हॅनमध्ये सेन्सरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी बॅटरी, अर्थिंग, कपलर, हवा आणि डिझेल यांची हजेरी घ्यावी. यातली निम्मी तपासणी घराच्या अंगणात, साध्या मल्टिमीटरनं आणि टॉर्चच्या उजेडात होते.

घाटातच गाडी का अडते, ते आधी पाहू. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, तर जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, ९५० मीटरच्या आसपास. अंतर सतरा-अठरा किलोमीटर, आणि बहुतेक चढ शेवटच्या घाटात. पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, पलंग, ओटा आणि घरची सगळी माणसं घेऊन निघालेल्या व्हॅनला इथं पूर्ण ताकद लागते. टर्बोचा दाब, डिझेलचा दाब आणि तापमान या तिन्हींची परीक्षा याच वेळी होते. म्हणूनच गॅरेजच्या दारात उभी असलेली गाडी चालू करून मिस्त्री “काय झालंय हिला, चांगली आहे की” म्हणतो, तेव्हा तोही खोटं बोलत नसतो.

पंपाची गाडी की सेन्सरची?

कोल्हापूर भागात कॅम्पर म्हणून सजवलेल्या व्हॅन बहुधा फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर असतात. ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे. तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं, २००५ मध्ये ते फोर्स मोटर्स झालं. विंगर २००७ ची. दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांमध्ये दोन जाती सापडतात. एकीला यांत्रिक डिझेल पंप, दुसरीला कॉमन रेल आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. नुसतं वर्ष पाहून अंदाज बांधू नका. २०१० मध्ये बीएस-४ उत्सर्जन नियम मुंबई, पुणे, सोलापूरसारख्या निवडक १३ शहरांना लागू झाले, बाकी देशात बीएस-३ चालू राहिले. देशभर बीएस-४ यायला एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे पुण्याहून सेकंडहँड आणलेली व्हॅन आणि इथंच पासिंग झालेली व्हॅन, वर्ष एकच असलं तरी बॉनेटखाली वेगळ्या निघू शकतात.

ओळख सोपी आहे. ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून केबल निघत असेल आणि इंजेक्टरच्या डोक्यावर वायर नसतील, तर गाडी पंपाची. पेडललाच कपलर असेल आणि चार इंजेक्टरना डिझेल देणारी एक जाड नळी दिसत असेल, तर सेन्सरची.

पंपाच्या गाडीत दम कमी पडण्याचा सेन्सरशी बहुधा संबंध नसतो. तिथं फिल्टर, पंप आणि नोझल बघायचे. सेन्सर असतात ते फक्त मीटरसाठी: तापमान, ऑईल प्रेशर, डिझेलचा काटा. तापमानाचा काटा संशयास्पद वाटला तर चावी ऑन ठेवून सेंडरची वायर काढा, काटा एका टोकाला जाईल. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. गेला तर मीटर आणि वायर ठीक आहेत, सेंडर बदला. तापमान आणि डिझेल असे दोन्ही काटे एकदमच चुकीचं दाखवत असतील तर दोन्ही सेंडर एका दिवशी मेलेले नसतात. मीटरचा सप्लाय किंवा अर्थ तपासा. पंपाच्या गाडीचं प्रकरण इथं संपलं. पुढचं सगळं सेन्सरच्या गाडीबद्दल.

घाटात लाइट लागला तर

रंग पाहा. ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर ‘सेन्सर असेल’ म्हणत एक वळणही पुढे जायचं नाही. इंजिन तिथंच बंद करायचं. डिपस्टिकवर ऑईल बरोबर दिसत असलं तरी प्रेशर स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजल्याशिवाय गाडी चालवू नका. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरीही थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

पिवळा लाइट लागून ताकद गेली असेल तर गाडी लिम्प मोडमध्ये गेलेली असते. कुठलं तरी माप पटत नाही म्हणून ईसीएमनं इंजिनाला मुद्दाम आवरून धरलेलं असतं. रुंद जागा पाहून बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. चावी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. बऱ्याचदा ताकद परत येते, बिघाडाचा कोड मात्र ईसीएममध्ये साठलेला राहतो. लहान गिअरमध्ये, कमी रेसवर वर जा किंवा खाली उतरा. उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडायची नाही. ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही जातात आणि जोतिबाची वळणं त्याला माफ करणारी नाहीत.

थांबलात तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: धूर कसा होता? ताकद नाही आणि मागे काळा धूर, तर डिझेल जातंय पण हवा कमी पडतेय. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा ईसीएमनंच ते कमी केलंय. गॅरेजमध्ये ही एवढी माहिती दिलीत तरी मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो.

बॅटरी आणि अर्थ

घरी आल्यावर पहिलं काम स्कॅनरचं नाही, मल्टिमीटरचं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना आकडा दहाच्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की ईसीएमला सेन्सरचे आकडे वेडेवाकडे दिसतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम नोंदले जातात. असा कोडचा ढीग दिसला की सेन्सर विसरा, बॅटरी आणि तिची टर्मिनल पाहा.

नंतर अर्थ. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून घासा, बोल्ट आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा. हीच मोजणी बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी अशीही करा.

कॅम्परमध्ये याला आणखी एक फाटा आहे. इन्व्हर्टर, फ्रीज, पाण्याचा पंप, दुसरी बॅटरी हे सगळं बसवणारा माणूस बहुतेक वेळा सुतार किंवा घरचं वायरिंग करणारा असतो. तो जवळचा दिसेल तो बोल्ट पकडून निगेटिव्ह देतो आणि नेमका तोच बोल्ट ईसीएमच्या अर्थचा असतो. किंवा प्लायवूडचा स्क्रू पॅनलमागच्या हार्नेसमधून आरपार गेलेला असतो. यावर बिनखर्चाची चाचणी आहे. दुसऱ्या बॅटरीची जोडणी पूर्ण काढा, इन्व्हर्टर बंद ठेवा आणि त्याच घाटातून पुन्हा जाऊन या. गाडी बरी झाली तर दोष इंजिनात नाही, घरात आहे.

वर्षातून मोजक्या वेळा निघणाऱ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. उसाच्या रानाकडेला पावसाळाभर उभी राहिलेली व्हॅन असेल तर टॉर्च घेऊन इंजिनवरचं हार्नेस बोटानं चाचपत जा. कुरतडलेलं आवरण डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतं.

गुलाल

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरं उधळलं जातं आणि डोंगर गुलाबी होतो. बंद उभ्या गाडीला त्याचं काही नाही. पण गर्दीतून मुंगीच्या पावलानं, इंजिन आणि एसी चालू ठेवून सरकणारी व्हॅन ती बारीक भुकटी तास-दीड तास ओढत राहते.

परत आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला गुलाबी थर दिसला तर बरं आहे, फिल्टरनं काम केलंय. पांढऱ्या रुमालाचं टोक आतल्या बाजूच्या, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळीतून फिरवा. रुमाल गुलाबी झाला तर फिल्टर नीट बसलेला नव्हता किंवा त्याची रबरी कड फाटली आहे आणि गुलाल आतपर्यंत गेला आहे. कागदी फिल्टर झटकून, धुवून वापरू नका, सरळ नवा टाका.

इंजिनाला हवेचं वजन मोजणारा सेन्सर असेल, गॅरेजच्या भाषेत मास एअर फ्लो, तर त्याच्या आतल्या नाजूक भागावर हीच भुकटी बसते. त्याला फक्त त्याच कामासाठी मिळणारा स्प्रे मारायचा आणि आपोआप सुकू द्यायचं. कापड, कापसाची काडी, पेट्रोल, कार्ब्युरेटर क्लीनर यातलं काही लावलंत तर बरा असलेला सेन्सरही जाईल. टर्बोचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर मॅनिफोल्डवर असतो. त्याचं तोंड तेलकट काजळीनं बुजतं, तेही अशाच हलक्या हातानं साफ करायचं.

गुलालानं जेवढी इंजिनं बिघडत नाहीत तेवढी गुलाल काढताना बिघडतात. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशर गन मारली जाते. पाणी कपलरमध्ये शिरतं, त्या दिवशी काही होत नाही, आठ-दहा दिवसांनी पिनांवर हिरवट थर चढतो आणि लाइट पेटतो. तोवर धुलाई कोणाच्या लक्षात नसते. इंजिन धुवायचंच असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. बॉडीवर काय पाणी मारायचं ते मारा.

कपलर तपासताना चावी बंद ठेवा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा. लॉक दाबून कपलर सरळ ओढायचा, वायरला धरून नाही. जुन्या प्लॅस्टिकचं लॉक ठिसूळ असतं, घाई केली तर तिथंच मोडतं. पिनांवर हिरवा किंवा पांढरा थर, वाकलेली पिन, सैल पडलेली तोंडं, फाटलेली रबरी वॉशर हे पाहा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, पुन्हा बसवताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नंतर इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हळूच हलवा. एखाद्याला हात लावताच इंजिन अडखळलं तर दोष तिथंच.

आता स्कॅनर

मोबाइलला ब्लूटूथनं जोडणारा छोटा स्कॅनर बऱ्याच गाड्यांना चालतो. जुन्या व्यावसायिक व्हॅनला तो ओळखत नसेल तर गॅरेजचा स्कॅनर लागेल. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला शोधाल तर सापडेल. उसाच्या पाण्यासाठी ऑईल इंजिनं घडवणाऱ्या शहरात इंजिन समजणारी माणसं कमी नाहीत. प्रश्न समोरचा माणूस कोड वाचून थांबतो की पुढं मोजतो, हा आहे.

कोड आधी लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. पुसण्याची घाई नको. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असेल तर तीही घ्या. बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती, तापमान किती, वेग किती, हे त्यात असतं.

कोड सेन्सरचं नाव घेतो, पण त्याचा अर्थ ‘हा सेन्सर बदला’ असा नसतो. पी ०११८ म्हणजे कुलंट तापमानाच्या सर्किटचा सिग्नल जास्त. याचं नेहमीचं कारण तुटलेली वायर किंवा निघालेला कपलर. पी ०११७ म्हणजे सिग्नल कमी, वायर कुठेतरी बॉडीला लागलेली. पी ००८७, रेलमधला दाब कमी, हा तर बहुतेक वेळा चोंदलेल्या डिझेल फिल्टरचा कोड असतो. फिल्टरच्या खालचा नळ सोडून पाणी काढा, फिल्टर बदला, मग पुढे जा. पी ०२९९, टर्बोचा दाब कमी: इंटरकूलरचे रबरी पाइप आणि क्लॅम्प बघा. चढावर फुसफुस आवाज येत असेल तर फाटलेला पाइप नक्की. पी ०६४२ दिसला तर सेन्सरना मिळणारा ५ व्होल्टचा सप्लाय पडलाय. हा सप्लाय अनेक सेन्सरना सामायिक असतो, एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की त्याच लाइनवरचे बाकीचेही खोटं बोलायला लागतात. अशा वेळी त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढायचे. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो दोषी.

स्कॅनरवरच्या चालू आकड्यांमध्ये दोन चाचण्या फुकट मिळतात.

पहिली सकाळची. रात्रभर उभी गाडी, चावी ऑन, इंजिन बंद. कुलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमानं जवळजवळ सारखी हवीत, दोन-चार अंशांचा फरक चालेल. दोन २२ दाखवतात आणि तिसरा ५५, तर तिसऱ्याकडे बघा. कुलंट सेन्सर काढून मोजायचा असेल तर खोलीच्या तापमानाला त्याचा रोध साधारण दोन-अडीच हजार ओहम, उकळीजवळच्या पाण्यात दोनशेच्या आसपास. आकडा कंपनीनुसार थोडा बदलेल, पण गरम होताना तो सलग उतरला पाहिजे, मध्येच उडी नको.

दुसरी चाचणी घाटाचीच. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरवर टर्बोचा दाब नसतो, त्यामुळे तो नुसत्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापुरात हा आकडा ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास हवा, जोतिबावर ९० च्या आसपास. हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असेल तर दोघांचं जुळलं पाहिजे. खाली ९५, वर ९०, तर सेन्सर खरं बोलतोय, खुशाल पाइप तपासा. दोन्हीकडे एकच आकडा, किंवा खालीच १०८, तर कपलर आणि सप्लाय पाहून मगच सेन्सर बदला.

उरलेल्यांचं थोडक्यात. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. इंजिन अचानक बंद, अर्ध्या तासानं थंड झाल्यावर पुन्हा चालू. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर संशय पक्का, पण त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस आधी पुसून बघा. रेल प्रेशर सेन्सरची सिग्नल वायर इंजिन बराच वेळ बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट दाखवते. चालू इंजिनात रेलचा पाइप कधीही सैल करू नका. आत हजार बारच्या वर दाब जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. पेडलमध्ये दोन सिग्नल असतात, बऱ्याच गाड्यांत एक दुसऱ्याच्या दुप्पट. पेडल हळूहळू दाबताना दोन्ही एकत्र, न अडखळता वाढले पाहिजेत. मध्ये खड्डा दिसला तर पेडल गेलंय.

एवढं करूनही बोट सेन्सरवरच येत असेल तर बदला. दुकानात गाडीचं नाव सांगू नका, सेन्सरच्या अंगावरचा पार्ट नंबर दाखवा. एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांत दोन वेगळे सेन्सर लागलेले असतात. निम्म्या किमतीचा बिननावाचा माल घेऊ नका, त्याचे आकडे थोडे सरकलेले असले तरी ईसीएम तक्रार करत बसतो. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बदललेत तर काय गेलं होतं ते कधीच कळणार नाही. जुना सेन्सर तारीख लिहून डब्यात ठेवा.

मग कोड पुसा आणि परीक्षेला पुन्हा तोच घाट घ्या. माघातले खेट्यांचे, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीचे, रविवार आणि चैत्र पौर्णिमा टाळा, गर्दीत गाडी बाजूला घ्यायलाही जागा मिळत नाही. मधल्या वारी सकाळी, टाकीत पाणी भरून, नेहमीचं सामान घेऊन केर्लीहून चढा. आकडे शेजारी बसलेल्यानं वाचायचे, चालवणाऱ्यानं नाही. वर जाऊन, दर्शन घेऊन, थंड झालेली गाडी पुन्हा चालू करून खाली आलात आणि स्कॅनरमध्ये नवा कोड नसेल, तरच गॅरेजचे पैसे चुकते करा.